लामावरची हकीकत आणि दप्तरातली एक ओळ

कोल्हापूरहून पंचगंगेवरील पूल ओलांडून महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. ओतकामाचे कारखाने, मालमोटारींच्या रांगा, आणि प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी एक लहानशी खोली. या खोलीत खाकी कपड्यांत बसलेला वयस्कर पहारेकरी पुष्कळदा एके काळचा शिपाई असतो. उभे राहण्याची ढब आणि नोंदवहीत सायंकाळचे साडेपाच 'सतरा तीस' असे लिहिण्याची सवय यांवरून तो ओळखू येतो. कोल्हापूर जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसे पाठवीत आला आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळीने तर आपल्या नावामागे 'सैनिक' हे बिरुदच लावून घेतले आहे.

या पहारेकऱ्यांपैकी काहींना सैन्याचे निवृत्तिवेतन मिळते व फाटकावरील पगार हा त्यांच्या संसारास लागलेला हातभार असतो. काहींना मात्र फाटकावरील पगाराखेरीज दुसरा आधार नसतो. त्यांच्याविषयी गावात एक वाक्य हमखास ऐकू येते : "एवढी लढाई करून आला, पण सरकारनं पेन्शन दिली नाही." या वाक्यात खरेपणा आहे आणि गैरसमजही आहे. दोहोंची फोड करून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. कारण अशा वृद्धाचा अर्ज प्रथम ज्यांच्या हाती पडतो ते ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीच ही फोड समजून घेतली नाही, तर पुढची सारी लिखापढी चुकीच्या रुळावर जाते.

लढाई आणि नोकरी

आपल्याकडे लढाईवर जाण्याला 'लामावर जाणे' म्हणत. लामावर गेलेल्या माणसाला पेन्शन मिळते, अशी लोकांची समजूत आहे. सैन्याचा नियम निराळा आहे. शिपायाला मिळणारे सेवानिवृत्तिवेतन नोकरीच्या लांबीवर ठरते. त्यासाठी किमान १५ वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. किती लढाया केल्या, हा प्रश्न त्या नियमात येत नाही. १५ वर्षे छावणीत काढलेला शिपाई पात्र ठरतो, आणि पाच वर्षे आघाडीवर काढलेला ठरत नाही. हे ऐकून म्हातारा खिन्न होतो. त्याची खिन्नता समजण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. १९३९ साली हिंदी सैन्य सुमारे २ लाखांचे होते. १९४५ पर्यंत ते सुमारे २५ लाखांवर गेले. ही वाढ युद्धापुरती होती. युद्ध संपताच बहुतेकांना घरी पाठविण्यात आले, आणि त्यांच्या नोकरीची वर्षे तीन, चार, फार तर सहा भरली होती. मराठा पलटणींनी या युद्धात आफ्रिकेत, इटलीत व ब्रह्मदेशाच्या सीमेवर जो पराक्रम गाजविला तो सर्वश्रुत आहे. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याच पलटणींत, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून लढलेले कितीतरी शिपाई ग्रॅच्युइटीची रक्कम, दोन-तीन पदके आणि एक डिस्चार्ज बुक घेऊन गावी परतले व औताला लागले.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भरती झालेल्या, १९६५ व १९७१ ची युद्धे पाहिलेल्या आणि घरच्या अडचणीमुळे आठ-दहा वर्षांत नोकरी सोडलेल्या जवानांची स्थितीही याहून फार वेगळी नाही. आज शिरोलीच्या फाटकांशी किंवा गावच्या पारावर जे भेटतात, ते बहुधा याच पिढीचे. महायुद्धातील सर्वांत लहान शिपाईदेखील आता शंभरीच्या घरात असेल. त्या पिढीचे दावे आता मुख्यतः विधवांचे आहेत.

पंचवीस वर्षांनंतरचे दप्तर

येथे एक गोष्ट अशी आहे की जी गावपातळीवर फारशी कोणाला ठाऊक नसते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. निवृत्तिवेतन न घेता बाहेर पडलेल्या शिपायाचे सेवापत्रक अभिलेख कार्यालयात कायम ठेवले जात नाही. सैन्याच्या नियमानुसार साधारणतः २५ वर्षांनी ते नष्ट करण्यात येते. निवृत्तिवेतनधारकाचे कागद ५० वर्षे ठेवतात. म्हणजे ज्याला पेन्शन नाही त्याचाच कागद आधी जातो. १९४६ मध्ये घरी आलेल्या माणसाचे सेवापत्रक १९७१ च्या सुमारास, आणि १९७४ मध्ये आलेल्याचे १९९९ च्या सुमारास नाहीसे झालेले असणार.

कायम राहते ती एकच गोष्ट : लाँग रोल. या मोठ्या नोंदवहीत प्रत्येक शिपायाची थोडक्यात नोंद असते. क्रमांक, नाव, भरती केव्हा झाली, नोकरी केव्हा व कोणत्या कारणाने संपली, एवढे त्यातून कळते. अर्जदाराच्या घरचे डिस्चार्ज बुक शाबूत असेल तर प्रश्नच नाही. पण हातकणंगले, करवीर व शिरोळ या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. २०१९ व २०२१ मध्ये तर शिरोलीपाशी महामार्गावरच पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. अशा पुरात ट्रंकेतली कागदपत्रे गेली, हे कारण आपल्या भागात सबब म्हणून उडवून देता येणार नाही. अशा वेळी लाँग रोलमधील ती एक ओळ हाच आधार उरतो.

आणि ती ओळ सापडायची कशी? क्रमांक ठाऊक असेल तर सहज. नसेल तर म्हाताऱ्याच्या हकीकतीवरून. हकीकत सांगून पेन्शन मिळत नाही हे खरे. परंतु दप्तरातील नोंद कोठे शोधावी, हे हकीकतच सांगते. म्हणून ती नीट ऐकली पाहिजे.

ऐकावे कसे

एक नमुना घेऊ. व्यक्ती कल्पित आहे. अडचणी मात्र नेहमीच्या आहेत. ऐंशी ओलांडलेला एक गृहस्थ ग्रामपंचायतीत येतो. ग्रामसेवक विचारतात, "आजोबा, कोणत्या पलटणीत होता?"

"जंगी पलटण, भाऊसाहेब."

"म्हणजे कितवी?"

"जंगी म्हणजे जंगी. जमालपूरला आमीच घुसलो न्हवं का!"

लिहून घेणारा घाईत असेल तर अर्जावर 'मराठा रेजिमेंट' एवढेच लिहितो. मराठा रेजिमेंटमध्ये माणसे हजारोंनी. पण आजोबांच्या एका वाक्यात सारी माहिती होती. 'जंगी पलटण' हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे परंपरागत नाव आहे, आणि डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली हीच बटालियन होती. दोन खुणा एकमेकींशी जुळल्या. पलटण ठरली, साल ठरले.

याहून फसवे नाव 'काळी पाचवी'. एखादी वृद्धा सांगते, "मालक काळ्या पाचवीत होतं." लिहिणारा सरळ 'पाचवी बटालियन' असे लिहून मोकळा होतो, आणि बेळगावहून उत्तर येते की अशी नोंद आढळत नाही. काळी पाचवी ही दुसरी बटालियन होय. जुन्या १०५ क्रमांकाच्या पलटणीवरून ते नाव पडले. त्यात भर म्हणजे महायुद्धाच्या वेळी सबंध रेजिमेंटच 'पाचवी मराठा' या नावाने ओळखली जाई, आणि 'तीन-पाच' म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. त्यामुळे पाच हा आकडा जेथे येईल तेथे थांबून पुन्हा विचारावे. "कुठे कैद झाले, काही सांगत होते का?" या प्रश्नाला "तुबरूक" असे उत्तर आले, तर जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा दुसरी बटालियन तेथे होती, हे जाणणारा अधिकारी नोंद चटकन शोधू शकेल. केरेनचा डोंगर निघाला तर तिसरी बटालियन, साल १९४१. मणिपूरच्या बाजूचे संगशाक निघाले तर चौथी, मार्च १९४४. म्हाताऱ्यांच्या तोंडी ही नावे वाकडीतिकडी होतात. इजिप्तचे 'मिसर' होते. ऐकले तसे लिहावे आणि शेजारी आपला तर्क लिहावा. स्वतःच दुरुस्त करून मूळ उच्चार गाळू नये.

सर्वच जवान मराठा पलटणीतले नसतात, हेही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. महार रेजिमेंटची स्थापना १९४१ साली बेळगावातच झाली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. तोफखान्याचे अभिलेख नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला, वैद्यकीय दलाचे लखनौला. मुंबई सॅपर्सची चौकशी पुण्यात खडकीला करावी लागते. "गाडी चालवत होतो", "तारेवर होतो", "पूल बांधत होतो" अशा साध्या वाक्यांवरून कोणत्या दाराशी जायचे ते कळते. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये असलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. ही संस्थानी फौज पुढे १९ मराठा लाइट इन्फंट्री म्हणून भारतीय सैन्यात सामील झाली. तेथील शिपाई "मराठात होतो" असे म्हणेल, तर भरतीचे साल १ मार्च १९४९ च्या, म्हणजे संस्थानाच्या विलीनीकरणाच्या, आधीचे की नंतरचे हे विचारावे. संस्थानकाळच्या कागदांत तालुक्याचे नावही आजचे नसते. हातकणंगले भागासाठी 'आळते' असे आढळते.

हकीकतीवरून दावा तपासण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या वृद्धांसाठी तेथील काँग्रेसने ७ जून १८३२ रोजी निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा युद्ध संपून जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती व बहुतेकांजवळ कागद उरले नव्हते. त्या म्हाताऱ्यांनी स्थानिक न्यायालयापुढे शपथेवर आपली हकीकत सांगायची, असे ठरले. न्यायालय त्यांना ठरावीक प्रश्न विचारी : जन्म कोठला व कोणत्या सालचा, वयाची नोंद कोठे आहे, बोलावणे आले तेव्हा राहत कोठे होता, स्वखुशीने गेला की दुसऱ्याच्या बदली, वरचे अधिकारी कोण, बरोबर कोणत्या पलटणी होत्या, दाखला मिळाला होता का, आणि शेजारपाजारचे कोण तुमच्या बोलण्याची साक्ष देतील. हे प्रश्न आजही शिरोलीच्या ग्रामपंचायतीत जसेच्या तसे विचारण्याजोगे आहेत. भर घालायची तर दोन प्रश्नांची : मनीऑर्डर कोणाच्या नावाने येत असे, आणि घरात एखादा बिल्ला आहे का. काही पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. डब्याच्या तळाशी पडलेल्या, काळ्या पडलेल्या पदकाने वर्षानुवर्षे अडलेला अर्ज सुटू शकतो.

वाटा वेगवेगळ्या आहेत

हकीकत लिहून झाली की ती कोणत्या खात्यात बसते ते पाहावे. एकच 'पेन्शन' हा शब्द सर्वत्र वापरल्याने येथे मोठा घोटाळा होतो.

नोकरी १५ वर्षांच्या अगदी जवळ पोचली असेल, तर एक वर्षापर्यंतची तूट काही अटींवर माफ होऊ शकते; चौदा वर्षे व काही महिने भरलेल्यास "तुझे बसत नाही" असे परस्पर सांगून टाकू नये. शिपाई जखमी होऊन किंवा आजारी पडून सेवेतून काढला गेला असेल, तर अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाला १५ वर्षांची अट नाही. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा बळावले आणि ते किमान २० टक्के आहे, हे लागते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरून चालावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीरसिंग यांच्या प्रकरणात दिला आहे. म्हणून 'घरी का आलात' हा प्रश्न 'कोठे लढलात' याहून आधी विचारावा. स्वतःच्या विनंतीवरून, मुदत संपल्यामुळे, वैद्यकीय कारणाने की शिक्षा होऊन. या कारणावर, आणि बाहेर पडण्याच्या तारखेवर, त्याला शासकीय व्याख्येनुसार माजी सैनिक म्हणता येते की नाही हेही अवलंबून असते.

यांपैकी काहीच बसत नसेल तरीही दार बंद होत नाही. दुसऱ्या महायुद्धात भाग घेतलेल्या व अन्य निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन दरमहा आर्थिक साहाय्य देते. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून, ६५ वर्षांवरील, हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या, निवृत्तिवेतन व नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना व विधवांना निर्वाहासाठी मदत मिळते. पूर्वी दरमहा ४,००० रुपये असलेली ही मदत नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये करण्यात आली आहे. जमालपूरचे आजोबा बहुधा याच वाटेने जातील. या दोन्ही गोष्टींसाठी कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे लागते. घरपट्टीतील सवलत मात्र ग्रामपंचायतीच्याच हातची आहे. २०२० च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिक व सैनिक विधवा यांना एका घराचा मालमत्ता कर माफ आहे, आणि ही गोष्ट पंचायतीने स्वतःहून सांगितली तर बिघडणार नाही.

तिसरी वाट आझाद हिंद सेनेची. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडल्यावर कैद झालेले जे हिंदी सैनिक नेताजींच्या सेनेत गेले, त्यांचा दावा सैन्याच्या निवृत्तिवेतनाचा नसून स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाचा आहे. ही केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि तिच्यात कारावासाचा अथवा भूमिगत काळाचा पुरावा लागतो. या दाव्यांत पुरावा किती कठोर मागावा, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने गुरदियालसिंग यांच्या प्रकरणात (२००१) मार्गदर्शन केले. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्धता मागू नये, जे अधिक संभवनीय दिसते ते धरावे, असा त्याचा आशय आहे. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खोटी हकीकत बहुधा गुळगुळीत असते. तिच्यात तारखा पुस्तकातल्यासारख्या अचूक आणि माणसे पुसट असतात. खऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट तारखेला चुकते, पण तंबूतल्या सोबत्याचे नाव, रेशनातला डब्याचा दूधपाला, कोणत्या गावच्या हवालदाराने शिवी दिली, हे त्याला पक्के आठवते. हा नियम नव्हे, अनुभवाची बाब आहे. शेवटचा शब्द दप्तराचाच.

विधवेचे नाव

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावर. आपल्याकडे लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची चाल होती. सैन्याच्या कागदात, म्हणजे भाग दोन आदेशात, लग्नाच्या वेळी शिपायाने पत्नीचे माहेरचे नाव कळविलेले असते. शिधापत्रिकेत व आधारपत्रात सासरचे असते. दप्तराच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या बायका ठरतात. कित्येकांनी लग्न झाल्याचे कळविलेलेच नसते. शिपायाच्या स्वतःच्या नावाचीही तीच गत. आडनाव गाळून नुसते नाव व बापाचे नाव, किंवा आडनाव पुढे आणि नाव मागे. वयात दोन-तीन वर्षांचा फरक तर ठरलेलाच, कारण भरतीच्या वेळी पोराने सांगितले ते वय धरले गेले. येथे शाळेचा दाखला उपयोगी पडतो. गावच्या प्राथमिक शाळेतील जुने रजिस्टर वाळवीपासून जपणारा मुख्याध्यापक अशा वेळी मोठे काम करून जातो. दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र आणि सरपंच व पोलीस पाटील यांचा दाखला आरंभीच जोडला, तर एक फेरी वाचते. नव्वदीतल्या स्त्रीच्या बाबतीत एका फेरीचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

युद्धात मृत्यू पावलेल्यांची नोंद मात्र अपेक्षेपेक्षा चांगली राहिली आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत हिंदी शिपायांच्या नावांपुढे पुष्कळ ठिकाणी बापाचे, पत्नीचे व गावाचेही नाव आहे. ही यादी सर्वांना पाहण्यास खुली आहे. शाळेत संगणक असेल तर शिक्षकाने आपल्या गावाचे नाव तेथे एकदा शोधून पाहावे. इंग्रजी लेखनातील गावांची नावे ओळखण्यास थोडा धीर लागतो इतकेच.

शेवटी अर्जाच्या तारखेविषयी. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाबाबत मुकुंदलाल भंडारी यांच्या प्रकरणात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने उशीर झाला म्हणून अर्ज नाकारू नये असे सांगितले, परंतु लाभ अर्ज पोचल्याच्या तारखेपासून द्यावा असेही सांगितले. त्यावरून इतर अर्जांतही एक सावधगिरी घेण्याजोगी आहे. सर्व कागद जमेपर्यंत अर्ज घरी ठेवू नये. हाती असेल तेवढ्या माहितीसह, हकीकतीच्या सहीनिशी वा अंगठ्यानिशी, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावा. आवक क्रमांक व तारीख घालून घेतलेली त्याची एक प्रत अर्जदाराच्या घरी आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, पुराचे पाणी चढणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवावी.